सोलापूरहून जाझ गायिका होता येईल का? तुझा ‘सा’ हलणार आहे, तयारी आहे का?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. वय चोवीस, राहणार जुळे सोलापूर, शास्त्रीय गायनात विशारद. चार वर्षं ऑर्केस्ट्रात गातेस, दिवसा होटगी रोडवरच्या एका ऑफिसात हिशेब लिहितेस. गेल्या वर्षी अमेरिकन जाझ गायिका बिली हॉलिडे कानावर पडली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. नोकरी सोडून मुंबई गाठायचं मनात आहे, आणि आई म्हणते, ‘बारमध्ये गायला विशारद केलंस होय?’ तुझे प्रश्न तीन: माझा आवाज जाझचा आहे का, इंग्रजी उच्चार कसे सुधारू, आणि यावर पोट भरतं का.

माझ्या पुतणीच्या वयाची आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. मी सोलापुरातल्याच रेल्वे लाइन्स भागात वाढले. १९९३ साली सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं नाही, एस.टी.नं मुंबईला गेले, आणि मुंबई, पुणे, हिवाळ्यात गोवा असं करत बावीस वर्षं गायले. आता परत इथंच शिकवते. नावाजलेली गायिका मी कधीच नव्हते, कामाची होते: आठवड्याला पाच रात्री, रात्रीला तीन सेट, पाऊणपाऊण तासाचे. त्यामुळे जे सांगेन ते स्टेजवरच्या स्टुलावरून दिसलेलं, त्याहून उंचावरचं नाही.

पहिले दोन प्रश्न लवकर उरकते. जाझचा असा वेगळा आवाज नसतो. बिली हॉलिडेचा पल्ला लहान होता, एला फिट्झजेराल्डचा आवाज पोरसवदा आणि हलका, सारा वॉनचा खाली खर्जापर्यंत जाणारा, मखमली. तिघींना एका साच्यात बसवता येत नाही. उच्चारांचं म्हणशील तर अमेरिकन बनायला जाऊ नकोस. नाकातून काढलेलं उसनं इंग्रजी पहिल्या ओळीतच उघडं पडतं. गाण्याचे शब्द आधी चाल न लावता बोलून बघ, स्वयंपाकघरात बहिणीला काहीतरी सांगतेयस तसे. बोलताना जिथं थांबशील तिथं श्वास. एवढ्यानं निम्मं काम होतं.

तुझा खरा प्रश्न मात्र तू विचारलेलाच नाहीस. तो तुला अजून पडलेला नाही, कारण ऑर्केस्ट्रात गात असलीस तरी तुझा कान तंबोऱ्यावर घडला आहे.

माझी पहिली तालीम सांगते. माहीममधली एक खोली, पियानो, डबल बास, ड्रम. पियानोवर साठीच्या पुढचे एक गोवेकर गृहस्थ. बारा बारचा ब्लूज होता, जाझमधला एक मूळ साचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा तुकडा). मी चांगली तयारी करून गेले होते. मधल्या रिकाम्या जागेत एक झकास तान घेतली आणि आपल्याकडे येतात तशी दिमाखात ‘सा’वर येऊन थांबले. वाटलं, आता दाद मिळणार. म्हाताऱ्यानं दात दुखल्यासारखं तोंड केलं. मी म्हटलं, अंकल, सा होता तो! ते म्हणाले, ‘बाय, तुझा सा होता. माझा नव्हता.’

हे वाक्य कळायला मला दोन वर्षं लागली. तुला दोन परिच्छेदांत सांगून बघते.

आपल्याकडे सा ही जमीन. कितीही भटका, घर जागेवर असतं. जाझमध्ये ती जमीनच सरकते. बारा बारचा ब्लूज घे. एका बारात चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं. चक्र सांभाळायचं तुला कोणी शिकवायला नको, ही तुझी मोठी कमाई आहे. आता त्याखाली काय वाजतं ते बघ. पहिले चार बार सा-ग-प आणि कोमल नी. पुढचे दोन बार म-ध-सा आणि कोमल ग. मग दोन बार पुन्हा पहिलं. नवव्या बारात प-नी-रे-म, इथं नी शुद्ध. दहाव्यात पुन्हा म-ध-सा-कोमल ग, आणि शेवटचे दोन बार घरी. म्हणजे दोन्ही गंधार आहेत, दोन्ही निषादही आहेत. तू म्हणशील, जोगमध्येही दोन्ही गंधार लागतात. लागतात, पण तिथं कुठला कधी लावायचा हे आरोह-अवरोह आणि रागाचं चलन ठरवतं. इथं पायाखालची जमीन ठरवते. पाचव्या बारात चाल वर जात असली तरी कोमल गंधारच घरचा असतो.

आणि नववा बार. तिथं खाली शुद्ध नी वाजतोय आणि तू त्याच्या डोक्यावर सा धरून बसलीस, की दोघांची टक्कर होते. सुरात असलेला सा बेसूर लागतो! माझं तेच झालं होतं. याचा अर्थ ब्लूजमध्ये ‘चुकीचे’ स्वर लावत नाहीत असा मुळीच नाही. मोठमोठे गायक मुद्दाम वाकडा गंधार लावतात, शुद्ध आणि कोमलच्या मधला, आणि जीव घेतात. पण त्यांना खाली काय चाललंय ते ऐकू येत असतं. मला येत नव्हतं. मी बॅंडबरोबर गात नव्हते, बॅंड चालू असताना गात होते.

म्हणून पहिला अभ्यास हाच, आणि त्याला मुंबई लागत नाही. घरी पेटी असेलच. एका हातानं भाता, दुसऱ्यानं सा-ग-प-कोमल नी एकत्र दाबून धर. चार बार मोजून फक्त शुद्ध ग गा. पेटीवर म-ध-सा-कोमल ग कर, गळ्यात शुद्ध ग कोमल होऊ दे. एवढंच. तान नाही, मुरकी नाही. नवव्या बारात शुद्ध नीवर जा. बारा बार झाले की पुन्हा पहिल्यापासून. रोज वीस आवर्तनं, तीन महिने. कंटाळा येईल, पलटे करताना येतो तेवढाच. एक दिवस असा येतो की पेटी न वाजवताही जमीन सरकलेली कळते. त्या दिवशी तू जाझ गायला लागलीस असं धर, त्याआधी नाही.

याच्या जोडीला आपल्याच गावातली एक फुकटची शाळा सांगते, जिच्याकडे मी तरुणपणी ढुंकून पाहिलं नाही. रविवारी चर्चमध्ये भक्तिगीतं चार आवाजांत गातात, तिथं मागं बसून वरचा आवाज सोडून मधला ऐकायला शीक. दुसरी शाळा आपले बॅंडवाले. वरातीत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट फुंकणाऱ्यांत अस्सल कानाची माणसं असतात. लग्नसराई संपल्यावर एखाद्याला गाठ, चहा पाज, आणि त्याच्या क्लॅरिनेटबरोबर प्रश्नोत्तरं कर: चार बार तो, चार बार तू. जाझमध्ये हेच करतात, फक्त तिथं बूट चकचकीत असतात.

लयीबद्दल थोडं. स्विंग म्हणजे काय हे शब्दांत पकडायला गेलं की निसटतं, तरी सुरुवातीला असं धर: प्रत्येक मात्रेचे तीन भाग कर आणि मधला गिळ. टाळी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर देऊ नकोस, दुसऱ्या-चौथ्यावर दे. माझी पूर्व भागातली एक शिष्या आहे, घरात चार पॉवरलूम. तिला हे काही केल्या जमेना. माग सरळ चालतो, खटक-खटक, तो तिच्या हाडात भिनलेला! शेवटी जमलं ते दादऱ्याचा ठेका लावून.

आता बिलीकडे येते, कारण तू तिच्यामुळे आलीस, आणि मला वाटतं तू तिच्याकडून चुकीची गोष्ट उचलते आहेस. तू लिहिलंस, ‘एवढं भोगल्याशिवाय तसं गाता येत नाही ना?’ असं म्हणणारे तुला पुष्कळ भेटतील, बहुतेक टेबलावर बसून ऐकणारे.

बिली १९१५ची. लहानपण हालाखीचं, हे खरं. पण तिचं गाणं ऐकताना दुःख बाजूला ठेवून लय ऐक. ती ओळ उशिरा उचलते, मात्रेच्या मागं रेलते, आणि तरीही चक्र सुटत नाही. तीच ओळ पुन्हा येते तेव्हा चाल बदललेली असते, दोनतीन स्वरांतच. ठुमरीत बोल-बनाव करतात त्याची ही लांबची मावसबहीण. हे दुःखातून येत नाही, वाद्यांबरोबर रात्रीमागून रात्री गाऊन येतं. आणि दुःखानं तिचं काय केलं तेही बघ. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली, आणि न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबांत गायला जे पोलिसांचं कार्ड लागायचं ते गेलं. १९४८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तिच्या मैफलीला खच्चून गर्दी झाली, पण गल्लीतल्या क्लबात गायची तिला परवानगी नव्हती. मैफल कधीतरी होते, क्लब रोजचा असतो. गायिकेचं पोट आणि गळा दोन्ही रोजच्या कामावर चालतात. १९५९ मध्ये ती गेली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती, आणि हॉस्पिटलच्या खाटेवरही अटकेत होती. यात हेवा करण्यासारखं काय आहे?

एलाचं बालपणही काही सुखाचं नव्हतं. आई लवकर गेली, सुधारगृह झालं, रस्त्यावर दिवस काढले. १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या रात्री ती नाचायला म्हणून गेली. तिच्या आधी नाचून गेलेल्या दुसऱ्याच बहिणींच्या जोडीचा नाच पाहून धीर सुटला, म्हणून ऐन वेळी गायली आणि जिंकली. मग चिक वेबच्या बॅंडमध्ये लागली. तो १९३९ मध्ये गेल्यावर बावीस वर्षांच्या या मुलीच्या नावानं तो बॅंड चालला. १९५६ पासून तिनं एकेका संगीतकाराची गाणी घेऊन अल्बमांची मालिकाच केली. मी विद्यार्थ्यांना आधी ते अल्बम ऐकायला लावते, कारण त्यांत गाणं जसं लिहिलं गेलं तसं स्वच्छ ऐकू येतं. मूळ बंदिश माहीत नसताना बढत कशी करणार?

१९६०मध्ये बर्लिनला हजारो लोकांसमोर एला शब्द विसरली. थांबली नाही. ‘पुढचे शब्द काय बरं’ अशा अर्थाचं काहीतरी चालीतच जोडत गेली, मध्येच लुई आर्मस्ट्रॉंगची नक्कल केली, आणि त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. लोक याला प्रतिभा म्हणतात. असेलच. पण नीट ऐक: शब्द गेले तरी चक्रात आपण कुठं आहोत हे तिला क्षणभरही हरवलेलं नाही. मी स्वतः पुण्यात एका लग्नाच्या स्वागत-समारंभात शब्द विसरले होते, आणि चक्रही. ड्रमरनं झांजेवर जोरात मारून पहिली मात्रा दाखवली, नाहीतर अजून तिथंच असते.

स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवर गाणं, हे तुला सोपं वाटेल, कारण सरगम आणि तराणा गळ्यात आहे. इथं एक सावधगिरी. पहिल्या वर्षी सरगम अजिबात लावू नकोस. लोक टाळ्या देतात, फ्यूजन म्हणतात, आणि तू पुन्हा तंबोऱ्यावर जातेस. आधी वाद्यांचे तुकडे गळ्यात उतरव, ट्रम्पेटचे, सॅक्सोफोनचे. पुढे तुझं घराणं त्यात आपोआप डोकावेल. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली हिंदुस्तानी संगीत शिकलेल्या. १९७१ मध्ये त्या ऑर्नेट कोलमनसारख्या बंडखोर सॅक्सोफोनवाल्याच्या अल्बमसाठी दोन गाणी गायल्या. त्यांत रागाची जाहिरात कुठंच नाही, आणि तरी तो गळा आपल्याकडचा आहे हे ओळखू येतं.

आता आई. आईला उद्धट उत्तर देऊ नकोस, तिच्या डोळ्यांपुढे हायवेवरचा ऑर्केस्ट्रा बार आहे आणि तिची भीती अगदीच खोटी नाही. तिला थोडा इतिहास सांग. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात जाझ वाजत होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन राहिले, त्यांच्याकडून गोव्याची मुलं शिकली. १९४९चा दारूबंदी कायदा आला तशी क्लबांची रया गेली, आणि बरेच वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट हे असेच ट्रम्पेटवाले गोवेकर, खरं नाव अंतोनियो शाविएर वाझ. ते सी. रामचंद्रांकडे वाजवायचे. पुणतांब्याच्या त्या मराठी माणसाच्या चालींवर आई शाळेच्या गॅदरिंगला नाचली असेल, तर जाझ तिच्या अंगात केव्हाचं शिरलंय, तिला कोणी सांगितलं नाही इतकंच. मी माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘ते ठीक आहे, पण रात्री घरी कोण सोडणार?’

बरोबरच प्रश्न होता, आणि पोटाच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

केवळ जाझ गाऊन मी कधीच जगले नाही. माझ्या कमाईचे चार वाटे केले तर जाझचा एक. बाकी लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम, जिंगल्स आणि मागचे कोरस, आणि शिकवण्या. याची लाज वाटायचं कारण नाही. हे किती जमेल ते गावावर, वर्षावर, तुझ्या ओळखींवर आणि घरची जबाबदारी किती यावर ठरतं, त्यामुळे आकडा सांगून तुला फसवणार नाही. गोव्यात नोव्हेंबर ते मार्च काम असतं आणि पावसाळ्यात नसतं, हा हिशेब मात्र दरवर्षी तोच. एका हॉटेलनं हंगामाचे शेवटचे सहा आठवडे मला पैसेच दिले नाहीत. कागद नव्हता, तोंडी ठरलं होतं, मॅनेजर बदलला आणि विषय संपला. तेव्हापासून तारखा, सेट किती, पैसे कधी, जेवण, आणि कार्यक्रम संपल्यावर गाडी, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय मी पाऊल टाकलं नाही. गाडीची अट पैशांच्या आधी. ती मान्य नसेल तर ते काम आपलं नाही.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. आधी चाळीस गाणी बांध. बांध म्हणजे नुसती पाठ नाही. प्रत्येकाचा कागद हवा, त्यावर कॉर्ड (खाली एकत्र वाजणारे स्वर), चक्र कसं आहे, लय किती, आणि तुझी पट्टी. बरीचशी जुनी गाणी बत्तीस बारांची असतात, आठ आठचे चार तुकडे, तिसरा तुकडा वेगळा. तीनतालाची आठ आवर्तनं म्हण. अनोळखी वादकांपुढे जाऊन कागद ठेवायचा, लय मोजून द्यायची आणि गायचं, तालमीला वेळ मिळत नाही. मोजून देणं हे तुझं काम आहे, ड्रमरचं नाही. चुकीची लय दिलीस तर चार मिनिटं तीच भोगावी लागते.

पट्टीबद्दल विशारद झालेल्या मुली एक हट्ट धरतात: ‘माझी काळी चार.’ सगळी गाणी काळी चारमध्ये! जाझमध्ये पट्टी बाईची नसते, गाण्याची असते. त्या गाण्यातला सगळ्यात खालचा आणि वरचा स्वर बघायचा, शब्द बोलल्यासारखे कुठं येतात ते बघायचं, मग ठरवायचं. बहुतेक वेळा तुला वाटतं त्यापेक्षा खाली जावं लागेल. माइक ओठांजवळ असतो, मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा नसतो. हुतात्मा स्मृती मंदिरात गायची सवय असेल तर हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे गळा वाळवून टाकतो, तेव्हा दुपारी रियाझ करू नकोस. पहाटे कर, पाणी घोटघोट पीत राहा.

शिकायला पुणं पुरेसं आहे. महिन्यातून दोन रविवार हुतात्मा एक्स्प्रेसनं जा, पियानो शिकवणारा गुरू गाठ (गायन नाही, पियानो), रात्री परत ये. वर्षातून एकदोनदा मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात जाझ असेल तेव्हा ऐकून ये, आणि गायिकेकडे नाही, बासवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत बस. दीड वर्षानं चाळीस कागद आणि सहा महिन्यांचा खर्च हातात असेल तर मग मुंबईचं बघू. तेव्हा आईशी मीही बोलेन.

तोवर एक काम. पेटीवर बारा बारची दहा आवर्तनं फोनवर रेकॉर्ड करून पाठव, तानांशिवाय. नववा बार मी आधी ऐकणार आहे. सोबत पट्टी लिही. आणि ‘काळी चार’ लिहिलंस तर का, तेही लिही.